गाडी विकणे आहे, बरी आहे

१२ जानेवारी, सोमवार

नगरपालिकेतल्या माणसाचा फोन आला आणि बोलता बोलता दूध उतू गेलं. जाऊ दे. तो म्हणाला, व्हॅन फेब्रुवारी संपेपर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवतो, त्यानंतर ती ट्रॉन्हाइमच्या व्यापाऱ्याला जाईल. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. एकोणसाठाव्या वर्षी गिरकी घेताना टेबलाचा कोपरा लक्षात ठेवायला हवा होता.

व्हॅन विजेवरची आहे, नऊ माणसांची, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला घेतलेली. पायरी खाली येते, दार आपोआप सरकतं. किंमत दोन लाख वीस हजार क्रोनर. माझ्याकडे पंचाहत्तर हजार आहेत. म्हणजे माझी आताची गाडी एक लाख पंचेचाळीस हजारांना गेली पाहिजे, एक क्रोनरही कमी नाही. तेवढे आले की आमच्या ऑर्मलिया गावात पुन्हा टॅक्सी. परवान्याची परीक्षा मी नोव्हेंबरात ट्रॉन्हाइमला जाऊन दिली, पास झाले. गावात सांगितलं, स्टाइनारकडे जाऊन आले. ते खोटंही नव्हतं, लेकाकडेच उतरले होते.

कुणाला सांगायचं नाही हे पक्कं. वळणावरच्या त्या मोठ्या शेडला अजून सगळे "हॉटेल" म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वी शेजारच्या राग्नवालच्या वडिलांनी गावभर सांगितलं होतं की पाहुण्यांसाठी हॉटेल बांधतोय. भिंती झाल्या, छप्पर झालं, हॉटेल काही झालं नाही. ते गेले, तरी "काय रे, हॉटेलात खोली आहे का" हे राग्नवालला आजही ऐकावं लागतं आणि तो दर वेळी बुटांकडे बघतो. शाळा बंद पडली तेव्हा माझं तिथलं स्वयंपाकाचं काम गेलं, शरद ऋतूत गावाची बस बंद झाली. आता मी मोठ्या तोंडाने टॅक्सी टॅक्सी करायचं आणि ती आलीच नाही, तर पुढची चाळीस वर्षं माझी आहेत. व्हॅन दारात उभी राहील तेव्हा बघतील.

१४ जानेवारी, बुधवार

जाहिरात लिहिली. सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. सात वर्षं वापरलेली. उजव्या दाराला एल्कच्या शिंगाचा ओरखडा. मागच्या सीटवर कोकरू जन्मलं आहे, डाग निघाला, वास ओल्या दिवशी येतो. मागची डावी काच थंडीत कुरकुरते. समोरच्या पडद्याचा फोटोही टाकला, एकशे अठ्ठावीस किलोमीटर दाखवणारा. बॅटरी पूर्ण भरल्यावर गाडी किती जाईल ते हा आकडा सांगतो. इथे सगळे त्याला अंदाजपंचे म्हणतात.

संध्याकाळी स्टाइनारचा फोन.

"आई, ही जाहिरात आहे की पोलिसात दिलेला जबाब?"

"खोटं लिहू का मग?"

"खोटं नको. एक तरी चांगला शब्द लिही. 'उत्तम स्थितीत' लिही."

"उत्तम मी तुझ्याबद्दलसुद्धा कधी म्हटलं नाही."

"ते माहीत आहे मला," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

शेवटी "बरी आहे" वर तडजोड झाली. पाठवल्यावर वाटलं, जरा जास्तच झालं का. गावातल्या कुणी वाचलं तर म्हणतील, बोर्ग्नीची गाडी आता बरी झाली वाटतं.

२० जानेवारी, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक आलं, र्‍योरोसचा एक तरुण. मंगळवार असल्याने एल्डब्योर्ग मागे बसलेली होती. दर मंगळवारी तिला खालच्या गावात फिजिओकडे न्यावं लागतं. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला मी काय सांगणार, की आज उतर, गाडी बघायला माणूस आलाय? तिच्या सांध्यांना आत पंचवीस अंश लागतात. त्या पोराने टोपी काढली, मग कोट काढला, मग काच खाली केली. एल्डब्योर्ग म्हणाली, "काच लाव रे, मी काय मासळी आहे बर्फात ठेवायला?"

"आजी गाडीबरोबरच मिळतात का?" त्याने मला विचारलं.

"तुला परवडायची नाही," एल्डब्योर्गनेच उत्तर दिलं.

वाटेत मी ऑडलाउगच्या दुकानातलं पीठ दोन घरी उतरवलं, राग्नवालला मेंढ्यांच्या गोठ्याशी सोडलं, पोरगा मुकाट चालवत होता. परत आल्यावर त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. एकशे एकवीस. "बॅटरी गेलीय," म्हणाला. मी म्हटलं, थंडी आहे, वजा चोवीस. तो म्हणाला, र्‍योरोसलाही असते. एक लाख पाच हजार देतो म्हणाला. मी कॉफी विचारली. तो नको म्हणाला. कॉफीला नको म्हणणाऱ्या माणसाला मी गाडी विकली नसतीच, पण रात्रभर तो आकडा डोळ्यांपुढे होता.

२४ जानेवारी, शनिवार

एका व्यापाऱ्याने फोनवर अठ्ठ्याण्णव हजार सांगितले, तेही उपकार केल्यासारखे. मला रडू आलं, खरं सांगायचं तर. मग स्टाइनारला फोन केला. तो या गाड्यांचंच काम करतो.

"आई, बॅटरी बिघडलेली नसणार. तो आकडा म्हणजे अंदाज. तू आधी कशी चालवलीस त्यावरून पुढचं ठरवतो. तू काय करतेस? शंभर पावलं जातेस, थांबतेस, चार दारं उघडतेस, सगळी ऊब बाहेर, पुन्हा हीटर. कुणी दवाखान्यात गेलं की बाहेर हीटर लावून बसतेस. त्या बिचाऱ्याला वाटतं जग असंच आहे."

"मग?"

"ट्युन्सेटला जाऊन बॅटरीची तपासणी करून घे, कागद मिळेल. आणि महिनाभर एकटी चालव. लांब, सावकाश, हीटर कमी. आकडा चढेल, गिऱ्हाईक घाबरणार नाही."

"एकटी? माझ्या गाडीत मी एकटी कधी असते?"

"तेच तर म्हणतोय."

दुपारी दुकानात ऑडलाउगला हे गंमत म्हणून सांगितलं. ती दुकान चालवते, गावाचं गायनमंडळही तीच चालवते, आणि हसायला सहसा तयार असते. आज हसली नाही. चीजची वडी बांधता बांधता म्हणाली, "स्टाइनारकडे जागा मोठी आहे नाही?"

"तीन खोल्या. खिडकीतून फ्योर्डची खाडी दिसते."

"म्हणजे एक रिकामी असेल."

"आहे की. सायकली ठेवल्यात त्यात."

तिने पिशवीत कॉफीचं पाकीट टाकलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ऑडलाउगच्या दुकानात काही फुकट मिळाल्याचं मला आठवत नाही. मुदत उलटली असेल म्हणून घरी येऊन पाहिलं. उलटली नव्हती.

२७ जानेवारी, मंगळवार

एल्डब्योर्गकडे नेहमीप्रमाणे हॉर्न वाजवला. ती दारात आली, शाल गुंडाळलेली, आणि म्हणाली आज फिजिओ नाही. सुट्टीवर गेलीय. मी म्हटलं, दुकानात तरी सोडते. ती म्हणाली, काही नकोय. मी म्हटलं, कोकरांच्या बाटल्यांची बुचं आणायची होती ना राग्नवालसाठी. ती म्हणाली, "राग्नवाल मोठा झालाय, पोरी." राग्नवाल बहात्तरचा आहे.

फिजिओ सुट्टीवर नव्हती. खालच्या गावात तिची गाडी उभी दिसली.

३० जानेवारी, शुक्रवार

ट्युन्सेटला जाऊन बॅटरीची तपासणी करून घेतली. ब्याण्णव टक्के शाबूत. सात वर्षांच्या गाडीला हे फार चांगलं आहे, हे मी म्हणत नाही, तपासणाऱ्यानेच म्हटलं, तेही न विचारता. कागद छातीशी धरून गाडीत बसले.

जाताना-येताना एकटीच होते. मी ट्युन्सेटला चाललेय म्हटल्यावर एरवी गावभर याद्या निघतात, गोळ्या, लोकर, खिळे, कुणाच्या तरी जावेला द्यायचा केक. काल दुकानात तीनदा मोठ्याने सांगितलं. कुणी मान वर केली नाही. परत येताना मागची सीट इतकी रिकामी होती की कुरकुरणाऱ्या काचेचा आवाजही सोबतीसारखा वाटला. आकडा एकशे एकाहत्तर.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे पाहिलं ते लिहिते. खालच्या रस्त्याने राग्नवाल बर्फावरून ढकलायची घसरखुर्ची रेटत चालला होता आणि खुर्चीत एल्डब्योर्ग बसलेली, रेनडिअरच्या कातड्यात फक्त नाक बाहेर. ते नाक जांभळं होतं. दिशा फिजिओची. मी गाडी शेजारी नेऊन काच उतरवली.

"चढा आत."

"नको," एल्डब्योर्ग म्हणाली. "हवा खातोय."

"वजा एकोणीस आहे."

"म्हणूनच ताजी आहे."

मी दाराला हात घातला तर राग्नवाल घाईघाईने म्हणाला, "दार उघडू नकोस, बोर्ग्नी. ऊब जाईल." आणि रेटत पुढे गेला. त्याच्या मिशीला बर्फ लागला होता.

माझ्या गाडीची ऊब नको, मग हवंय काय? घरी येऊन विचार करत बसले की मी कुणाला काय बोलले. नाताळात एल्डब्योर्गच्या बिस्किटांना जरा कडक म्हटलं होतं. पण ती कडक होतीच. राग्नवालच्या कुत्र्याला लठ्ठ म्हटलं होतं. तोही आहे. एवढ्यासाठी कुणी वजा एकोणीसमध्ये घसरखुर्चीवर बसतं का?

विचारावं का सरळ? पण काय विचारणार, "माझ्या गाडीत का बसत नाही" असं? माणसाला काही लाज आहे की नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

गायनमंडळात गेले तर मी आत शिरताच सगळे गप्प झाले. ऑडलाउगने हातातले कागद पेटीच्या झाकणाखाली सरकवले. तालीम अर्ध्यातच संपवली आणि म्हणाली, बोर्ग्नी, तू दमली असशील, घरी जा. मी दमले नव्हते. मी बाहेर पडल्यावर आत पुन्हा गाणं सुरू झालं, माझ्याशिवाय. माझा आवाज खालच्या पट्टीत जरा बसतो हे मला ठाऊक आहे. पण बावीस वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं?

दुपारी राग्नवाल दारात, हातात वाळवलेली मेंढीची अख्खी तंगडी. वर्षभर छपराखाली टांगून मुरवलेली. अशी तंगडी तो लग्नाला देतो.

"हे कशाला?"

"असू दे. तिकडे असली मिळत नाही."

"तिकडे म्हणजे कुठे?"

तो बुटांकडे बघायला लागला. म्हणाला, "तू चांगली शेजारीण होतीस." आणि निघून गेला. 'होतीस' म्हणाला. मग मी आरशात जाऊन डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. डॉक्टरांनी यांना काही सांगितलंय आणि मला नाही, असं तर नाही? पण भूक नेहमीसारखी आहे. तंगडीचे चार पातळ काप खाल्ले, फार सुरेख झालीय.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज मलईच्या बन्सचा रविवार, चर्चच्या उपवासांआधीचा. दर वर्षी चर्चनंतर मी तीन-चार खेपा करून सगळ्यांना घरी आणते आणि माझ्या ओट्याशी उभ्याने बन्स संपतात. सवयीने चोवीस भाजले. खिडकीतून पाहिलं, तर सगळे ओळीने घसरखुर्च्यांवर नि स्कीवर ऑडलाउगच्या घराकडे चाललेले. एल्डब्योर्गने खिडकीकडे पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं. मी चार बन्स एकटीने खाल्ले आणि पाचवा नुसता समोर ठेवला.

गाडीत जाऊन बसले. आकडा दोनशे छत्तीस. स्टाइनारने सांगितलेलं सगळं खरं झालं. आकडा चढत चाललाय आणि माणसं उतरत चाललीत.

इतके दिवस हे लिहायचं टाळलं, ते आज लिहिते. नऊ जागांची गाडी मी घेतेय कुणासाठी? पाच जागांची रिकामी फिरवतेच आहे. जी माणसं हवा खात तीन किलोमीटर जातील पण माझ्या शेजारी बसणार नाहीत, त्यांच्यासाठी जन्माची पुंजी घालायची? व्हॅन नको म्हणून सांगून टाकावं, असं ठरवून नगरपालिकेला फोन लावला. कुणी उचलला नाही. रविवार आहे हे बन्स भाजूनही माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

आत्ताच फोल्डालच्या एका बाईचा निरोप आलाय. शनिवारी नवऱ्याला घेऊन गाडी बघायला येते म्हणते. येऊ दे. बघायला काय जातं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ती बाई टोरहिल्ड, घरोघर जाऊन आजाऱ्यांचं बघणारी नर्स. नवरा विग्गो, फार न बोलणारा. दोघांनी कॉफीला हो म्हटलं, तेव्हाच मला बरं वाटलं. मी त्यांना ओरखडा दाखवला, कोकराची जागा दाखवली, कुरकुरणारी काच वाजवून दाखवली. विग्गोने तपासणीचा कागद वाचला, मग पुन्हा वाचला, आणि कॉफीच्या कपाला म्हणाला, "एक पस्तीस."

मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. अशा वेळी जो आधी बोलेल त्याच्या खिशाला कात्री, हे दोघांनाही माहीत होतं. घड्याळ वाजत होतं. मी तंगडीचे काप पुढे ठेवले. त्याने एक खाल्ला, डोळे मिटले, पण तोंड काही उघडलं नाही.

मधेच टोरहिल्डने फोन काढला. "जाहिरातीतल्या फोटोत एकशे अठ्ठावीस आहे. आज दोनशे एकेचाळीस. काय केलंत मधल्या काळात?"

"काही नाही. आणि त्या आकड्यावर जाऊ नका, तो अंदाजपंचे. कागद बघा, तो खरा."

"कागद पाहिला. पण आकडा एवढा कसा चढला?"

मग सांगावंच लागलं. की तेव्हा गाडीत सतत कुणी ना कुणी असायचं, दारं उघडी, हीटर पंचवीसवर, पावलोपावली थांबा. "हल्ली कुणी बसत नाही माझ्या गाडीत," मी म्हटलं. "काय बिनसलंय माहीत नाही." आणि माझा आवाज हलला. परक्या माणसांपुढे, कॉफी पिताना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टोरहिल्ड खिडकीबाहेर बघत होती. बाहेर राग्नवाल घसरखुर्ची रेटत चालला होता, एल्डब्योर्ग तीन शालींत, मांडीवर दुकानाच्या पिशव्या. माझ्या फाटकाशी ती दोघं थांबली. एल्डब्योर्गने हातमोज्यातला हात काढून गाडीच्या टपावरून फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि मग ती पुढे गेली.

"ही माणसं पूर्वी तुमच्या गाडीतून जायची?"

"सात वर्षं."

"आणि गाडी विकायला काढल्यावर थांबली?"

"त्याच सुमारास."

ती माझ्याकडे बघत राहिली. नर्सच ती, तशीच बघत होती. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "एक पंचेचाळीस दे."

"मी एक चाळीस म्हणणार होतो."

"माहीत आहे मला. पण ज्या गाडीतून इतकी म्हातारी माणसं गेली ती नीटच ठेवलेली असणार. मलाही तेच काम आहे. एक पंचेचाळीस."

विग्गोने आणखी एक काप उचलला आणि मान हलवली. कागदांवर सह्या झाल्या, पैसे बँकेत आले, मी दोनदा पाहिले. निघताना टोरहिल्ड दारात थांबली. "शेजाऱ्यांना एकदा विचारून तरी बघा."

"आमच्याकडे असं विचारत नाहीत."

"आमच्याकडेही नाही," ती म्हणाली आणि सुस्कारा सोडला.

गाडी वळणापलीकडे गेली. मी व्हॅन घेणार. बसू देत नाहीतर न बसू देत. एक पंचेचाळीस मिळवलेली बाई आहे मी, बाकी मग बघू.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ऑडलाउग स्वतः घरी आली. शनिवारी संध्याकाळी समाजघरात ये, सगळे असतील, म्हणाली. नीट कपडे घालून ये. डोळे लाल होते. मला मंडळातून काढायचं तर एवढा समारंभ कशाला? मी विचारलं, "काही आणू का?" ती म्हणाली, "तू कशाला आणतेस, बोर्ग्नी," आणि एकदम मला मिठी मारली. ऑडलाउगने. आम्ही बालवाडीपासून एकमेकींना ओळखतो आणि हात मिळवण्यापलीकडे कधी गेलेलो नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

टपालाच्या गाडीतून ट्युन्सेटला गेले आणि व्हॅन घेऊन आले. माझी आहे. पायरी खाली येते, दार सरकतं, मी पार्किंगमध्ये दोनदा उगाचच उघडझाप केली. घरासमोर उभी करायची नाही हे ठरवलं होतं, म्हणून वळणावर हॉटेलच्या शेडमध्ये घातली. दाराला कुलूप नाही, आत जागा भरपूर. चाळीस वर्षांत तिथे पहिल्यांदाच कुणीतरी मुक्कामाला आलं.

१ मार्च, रविवार

कालचं आज लिहितेय. काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते.

समाजघरात पाऊल टाकलं तर अकराही घरांतली माणसं उभी, टेबलावर वॅफल, मलईचा केक आणि मधोमध माझ्या नावाचा झेंडा. प्रत्येकाच्या हातात एकेक कागद. ऑडलाउगने पेटी सुरू केली आणि सगळे गायला लागले. गाणं माझ्यावर होतं. पहिल्या कडव्यात माझं शाळेतलं पातळ सूप. दुसऱ्यात गाडीतलं कोकरू. मी हसत होते आणि काही कळत नव्हतं. तिसऱ्या कडव्यात आलं की ट्रॉन्हाइमच्या खिडकीत उभी राहून आम्हांला हात कर.

"ट्रॉन्हाइमला कोण चाललंय?" मी विचारलं.

गाणं थांबलं. पेटी जरा उशिरा थांबली.

"तू," एल्डब्योर्ग म्हणाली.

"मी?"

"शाळा गेली. नोव्हेंबरात जागा बघून आलीस. गाडी विकलीस. स्टाइनारकडे खोली रिकामी आहे."

"त्यात सायकली आहेत."

मग राग्नवाल पुढे झाला. त्याचा चेहरा थंडीने सोलवटलेला होता. "मग आम्ही महिनाभर गारठलो कशासाठी?"

"मला काय ठाऊक कशासाठी? मीच विचारणार होते."

"आकड्यासाठी. ऑडलाउगने सांगितलं, तू एकटी चालवलीस की आकडा चढतो आणि भाव येतो. जायचंच आहे तर चांगला भाव घेऊन जावं, असं ठरलं आमचं. एल्डब्योर्गचा गुडघा सुजलाय."

"थोडासाच," एल्डब्योर्ग म्हणाली.

मी खुर्चीत बसले. मला कुणी टाकलं नव्हतं. वजा एकोणीसमध्ये, रेनडिअरच्या कातड्यात, ही माणसं माझा भाव वाढवत होती, मी यांना सोडून जाणार असं समजून. आणि मी कडक बिस्किटं आठवत बसले होते. एवढं प्रेम एकदम समोर आलं की त्याचं काय करावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. उठले, कोट चढवला आणि बाहेर पडले. मागून ऑडलाउगचा आवाज आला, "रागावली वाटतं."

वळणापर्यंत जवळजवळ धावतच गेले. व्हॅन काढली, दिवे लावले आणि समाजघराच्या पायरीशी आणून उभी केली. सगळे दारात गोळा झाले होते. मी बटण दाबलं, दार सरकलं, पायरी खाली आली.

"नऊ जागा आहेत," मी म्हटलं. "परवाना आहे. मंगळवारी फिजिओ, गुरुवारी ट्युन्सेट. भाडं पडेल, आधीच सांगते. मी कुठेही जात नाहीये. म्हणजे जातेय, पण तुम्हांला घेऊन."

एल्डब्योर्ग काठी टेकत व्हॅनभोवती एक पूर्ण फेरी मारून आली. "कुठे लपवली होतीस?"

"हॉटेलात."

ती राग्नवालकडे वळली. सगळेच वळले. एल्डब्योर्ग म्हणाली, "ऐकलंस का रे, तुझ्या बापाचं हॉटेल उघडलं." आणि राग्नवाल बुटांकडे बघायच्या ऐवजी हसायला लागला. इतका हसला की सोलवटलेले गाल दुखले त्याचे. मग टोपी काढून मला म्हणाला, "बाई, खोली आहे का?"

"खिडकीजवळची आहे."

"आणि माझी तंगडी?"

"अर्धी खाल्ली. दोन काप भाव ठरवताना गेले."

केक खाल्ला, गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. ऑडलाउगने तिसरं कडवं जागच्या जागी बदललं, यमक जुळलं नाही, पण कुणी तक्रार केली नाही. मग मी सगळ्यांना दोन खेपांत घरी सोडलं. एल्डब्योर्ग पहिल्या खेपेत चढली ती दुसऱ्या खेपेलाही उतरली नाही. महिनाभराचं राहिलंय, म्हणाली. हीटर पंचवीसवर. दर फाटकाशी थांबा, दार उघडं, निरोप लांबलेले, ऊब सगळी बाहेर.

"आकडा खाली चाललाय," राग्नवाल काळजीने म्हणाला.

मी डाव्या हाताचा मोजा काढला आणि पडद्यावर टांगून दिला.